कंटेनरची ओटी

आपल्या देशाचा माल कुठं जातो आणि कुठून येतो, हे लोक पेपरात वाचतात. मला ते चिकटपट्टीच्या रोलवरून कळतं. सुप्याच्या एमआयडीसीत पाण्याच्या पंपांचे ओतीव भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद करणं हे तिथलं माझं काम. सोळा वर्षं झाली. नगरहून सकाळी कंपनीच्या बसनं जायचं, संध्याकाळी परत यायचं, आणि मधल्या वेळात जगाशी व्यवहार करायचा. जग मी पाहिलेलं नाही. पासपोर्टसुद्धा काढलेला नाही.

चिकटपट्टीची कल्पना माझीच. आमच्या पॅकिंग खात्यात अकरा बायका. बहुतेकींची शाळा चौथी-पाचवीत सुटलेली, आणि पेटीवरचा पत्ता इंग्रजीत. एकदा जर्मनीची पेटी दुबईला गेली. ती परत येईपर्यंत मी इतकी बोलणी खाल्ली, की तिरीमिरीत प्रत्येक देशाला एकेक रंग देऊन टाकला. अमेरिका निळी, जर्मनी पिवळी, आखाती देश हिरवी, इंग्लंड लाल. पेटीला त्या रंगाची पट्टी चिकटवायची आणि त्या रंगाच्या ढिगात ठेवायची. त्यानंतर पेटी कधी चुकली नाही. बायका मात्र देशांची नावंच विसरल्या. "ताई, आज पिवळीचं काय न्हाई का?" असं विचारायच्या.

सुरुवातीला पिवळीची चलती होती. मग हळूहळू निळी वाढत गेली. इतकी वाढली, की स्टोअरवाला निळ्या पट्टीचे खोकेच्या खोके मागवायचा आणि बाकीचे रंग सुटे, दोन-दोन रोल. येणाऱ्या मालाचंही तसंच. आम्हाला लागणारी बेअरिंग आणि रबरी सील आधी जर्मनीहून यायची, मग कोरियाहून, आणि गेली काही वर्षं चीनहून. माल यायचा त्या लाकडी पेट्या रिकाम्या झाल्या की बायका घरी न्यायच्या. त्यांच्या गावाकडं निम्म्या कोंबड्या चिनी अक्षरं लिहिलेल्या खुराड्यात निजतात. माझ्या माहेरी, काष्टीच्या बाजारात, आई हरभरा घ्यायला गेली तर व्यापारी म्हणाला, "मावशी, हा ऑस्ट्रेलियाचा हाय, दाना बगा कसा हाय." आमच्या काष्टीत ऑस्ट्रेलियाचा हरभरा! आई घरी येऊन अर्धा तास त्यावर बोलत होती. मला मात्र नवल वाटलं नाही. जे बंदरातून जातं-येतं त्याचं मला कशाचंच नवल वाटेनासं झालंय.

मग अमेरिकेच्या सरकारनं आपल्या मालावर जादा कर बसवला. टीव्हीवर लोक एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. आमच्याकडं ओरडलं कोणीच नाही. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाची एक सभ्य मेल आली, की पुढची मागणी तूर्त थांबवावी. खिळ्याला अडकवलेला निळा रोल आठवडाभर तिथंच राहिला आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच्यावर धूळ बसली. आमचा निम्म्याहून जास्त माल निळ्या पट्टीचा होता.

साहेब म्हणजे आमचे मालक. माणूस भला, पण घाबरला की फार जोरात बोलतो. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून मोठ्यानं सांगितलं, "मॅडम, दिवाळीपर्यंत काही नवीन मिळालं नाही तर पॅकिंग खातं बंद करावं लागेल. राहील तेवढा माल मशीनवरची मुलंच बांधतील. कुणाला सांगू नका." दाराबाहेर उभ्या असलेल्या चहावाल्यानंसुद्धा ते ऐकलं असणार, कारण जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं.

पॅकिंगच्या मुख्य बाईला सगळे वहिनी म्हणतात. मीही म्हणते. पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावातली ती. लग्नानंतर बारा वर्षं नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जात होती. तिकडं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकटा गडी मुकादमाला चालत नाही, जोडी लागते. सहा वर्षांपूर्वी ती सुप्यात आली, पॅकिंगला लागली, नवरा शेजारच्या कारखान्यात हेल्पर झाला, आणि ते दोघं त्या फेऱ्यातून सुटले. मुलगी आता दहावीला होती. नवऱ्याचं काम आधीच सुटलं होतं. वहिनीचंही सुटलं तर पुन्हा कोयता, आणि पोरगी एक तर फडावर नाही तर गावाकडं म्हाताऱ्या सासूपाशी. दहावी मग कुठली?

"मुकादम दोनदा येऊन गेला," वहिनी मला म्हणाली. "म्या म्हनलं, दसऱ्याला सांगते. त्याच्या पुढं न्हाई थांबायचा त्यो."

अकराही जणींचं कमीजास्त असंच काहीतरी होतं. पण तिचं मला तोंडपाठ होतं, कारण डबा आम्ही एकत्र खातो.

साहेब त्या महिनाभरात बरेच फिरले, बऱ्याच ठिकाणी बोलले, आणि अखेर ऑस्ट्रेलियाचं एक गिऱ्हाईक मिळालं. एकच कंटेनर, नमुन्यादाखल. माल वेळेत आणि कटकट न होता पोचला तर वर्षाची मागणी, नाहीतर राम राम. स्टोअरवाल्याला मी नवा रंग आणायला सांगितलं. त्यानं जांभळा आणला.

त्या देशाचे नियम मी आजवर पाहिलेल्या सगळ्यांत कडक. शेतीला परकी कीड लागू नये म्हणून ते लोक इतके जपतात, की पेट्यांचं लाकूड भट्टीत तापवून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. कंटेनर आतून धुऊन, झाडून, कोपऱ्यातली मातीसुद्धा काढावी लागते. आणि मग एक लेखी हमी: कंटेनरमध्ये माती, बी, पान, धान्य, झाडाचा कुठलाही भाग नाही. खाली सही माझी. मी ती हमी तीनदा वाचली आणि ऐटीत सही केली. कागदाच्या बाबतीत मी नाकावर माशी बसू देत नाही, आणि या गोष्टीचा मला गर्व आहे. होता, म्हणू.

गणपती उठले होते आणि पितृपक्ष लागायचा होता. साहेबांना काही झालं तरी पितृपक्ष लागायच्या आत कंटेनर हलवायचा होता. दुपारी माल भरून झाला. मी आत जाऊन बॅटरीच्या उजेडात चारी कोपरे पाहिले, फोटो काढले, आणि खाली उतरले. तेवढ्यात साहेबांच्या हातात नारळ दिसला, वहिनीच्या हातात ताट दिसलं, आणि मी आपली वॉचमनच्या टपरीकडं निघाले.

हे नेहमीचं होतं. आमच्या घरात छप्पन्न सालापासून नारळ फुटलेला नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच देव्हारा उतरवला. पूजा असली की मी बाजूला होते. कोणी मला हाकलत नाही, मीही कोणाला नावं ठेवत नाही. पण खरं सांगायचं तर त्यात एक जुनी सल आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी हळदीकुंकवाचं ताट माझ्यापाशी येऊन थबकलं होतं, आणि धरणारी बाई दुसरीला हळूच म्हणाली होती, "त्यांच्यात न्हाई चालत." ती बरोबरच बोलली होती. मी कुंकू लावून घेतलंही नसतं. पण ते ताट ज्या रीतीनं वळलं ती मला अजून आठवते. तेव्हापासून ताट वळायच्या आधी मीच वळते.

त्या दिवशीही वळले. टपरीपाशी उभी राहून कागद चाळत होते. तिकडं नारळ फुटल्याचा आवाज आला, पाणी सांडलं ते बाहेर, डांबरावर. त्याला नियमांची हरकत नव्हती. कंटेनरच्या दारापाशी अकरा साड्यांचा घोळका झाला होता आणि हसणं चाललं होतं. मग दार बंद झालं, मला हाक मारली, मी जाऊन सील लावलं आणि त्याचा नंबर टिपला. दार लावण्याआधी शेवटची नजर टाकायची ती माझी जबाबदारी. ती मी टाकली नव्हती. पूजेच्या आधी टाकली होती ना, तेवढं पुरे, असं मनाशी म्हटलं. कंटेनर गेटमधून बाहेर पडला तेव्हा दोघी-तिघींनी पदर डोळ्याला लावला. मला हसू आलं.

जहाज न्हावाशेव्याहून सुटलं, त्याचे कागद आले, आणि मी डबा खाताना वहिनीला सांगितलं, की आपला कंटेनर समुद्रात गेला.

"नीट जाईल," वहिनी म्हणाली. "रीतीनं वाटंला लावलीय."

"म्हणजे?"

"म्हंजी वटी भरलीय की तिची. लेक पहिल्यांदाच इतक्या लांब चालली, मोकळ्या वटीनं कशी धाडायची? तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, आन हिरवा खण. खणातच बांधलं समदं आन शेवटच्या पेटीच्या पट्टीखाली खोचलं. लई ग्वाड दिसत हुतं."

माझा घास तसाच राहिला. तांदूळ म्हणजे धान्य. खोबरं, हळकुंड, सुपारी म्हणजे झाडाचे भाग. लाकडातला एक किडा जाऊ नये म्हणून आम्ही पेट्या भट्टीत भाजल्या होत्या, आणि सोंडे असण्याची पुरेपूर शक्यता असलेला सुप्याच्या किराणा दुकानातला तांदूळ हिरव्या खणात बांधून पाठवून दिला होता. हे जगात दुसऱ्या कोणाकडून झालं नसतं. चिनी माणूस कंटेनरची ओटी भरत नाही. जर्मन माणूस तर नाहीच नाही.

मी वहिनीवर ओरडले. उगाच कशाला लपवू, चांगलीच ओरडले. नियम सांगितला, हमी सांगितली, माल परत आला तर काय होईल ते सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, तिला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आधी ती चिडली.

"त्यांचा हरभरा आपल्या बाजारात ढिगानं येतो, त्यो आमी खातो, आन आपले पाच मुठी तांदूळ त्यांना चालंनात व्हय?"

मी डबा बाजूला सारला. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला. डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, "म्हंजी म्याच माज्या हातानं कोयता घिऊन आले म्हना की घरी."

ते ऐकल्यावर माझा राग कुठल्या कुठं गेला आणि नुसती लाज उरली. तिला नियम कोणी सांगितला होता? मी सांगायला हवा होता. मी तो कागद इंग्रजीत वाचला, इंग्रजीत सही केली आणि फाइलला लावला. आणि ओटी भरली जात असताना मी वीस पावलांवर उभी होते. पाठ फिरवून.

"वहिनी, तुमचं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "माझं चुकलं. मी तिथं पाहिजे होते."

"तुमी कशाला येताल तिथं?" ती सरळ म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, म्हणूनच ते मला जास्त लागलं.

साहेबांना सांगायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. त्यांनी डोक्याला हात लावला, आणि चक्क हळू आवाजात बोलले. त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं. "मॅडम, सगळे कंटेनर ते उघडतात थोडेच? गेला तर गेला निघून. आपण कशाला बोलायचं?"

हा विचार मीही रात्रभर केला होता. गप्प बसले तर कदाचित काहीच झालं नसतं. पण उघडला असता तर आम्ही खोटं लिहून दिलं असं झालं असतं, आणि खोटं लिहिणाऱ्याशी ते पुन्हा व्यवहार करत नाहीत. मग अकरा जणींचं काम गेलंच. मी साहेबांना म्हटलं, "हमीवर सही माझी आहे. मला लिहू द्या. जहाज पोचायच्या आत सांगितलं तर ती चूक राहील. पोचल्यावर सापडलं तर ती लबाडी ठरेल." साहेबांनी फाइल उघडून माझी सही पाहिली. शेवटी म्हणाले, "लिहा. पण जरा मऊ लिहा."

गिऱ्हाइकाकडं माझ्यासारखंच काम करणारी एक बाई होती. तिच्याशी फक्त मेलवर ओळख. तिची वाक्यं तीन-चार शब्दांची. मी तिला मऊबिऊ काही लिहिलं नाही. जे होतं ते लिहिलं: दार उघडल्यावर समोरच, शेवटच्या पेटीवर, जांभळ्या पट्टीखाली एक हिरव्या कापडाची गाठ आहे. तिच्यात अमुक अमुक आहे. चूक माझी आहे, मी शेवटची तपासणी केली नाही. चारदा वाचून मेल पाठवली. उत्तर आलं: "माहिती मिळाली. संबंधित खात्याला कळवते." बस्स. पुढं तीन आठवडे काही नाही.

ते तीन आठवडे वाईट गेले. पॅकिंगमध्ये काम जेमतेम, त्यामुळे बायका रिकाम्या पेट्या पुसत बसायच्या आणि मी गेले की माझ्या तोंडाकडं बघायच्या.  दसरा आला. कारखान्यात मशीनची पूजा झाली. मी नगरला पांढरी साडी नेसून विहारात गेले, सगळ्यांबरोबर बसले, वंदना म्हटली. मागणं मागायची आमच्यात पद्धत नाही, त्यामुळे काळजी वाहायला दुसरं कोणी नसतं, सगळी आपली आपल्यालाच वाहावी लागते. त्या दिवशी मला तेवढ्यापुरता पॅकिंगच्या बायकांचा हेवा वाटला, हे कबूल करायला हवं.

दसऱ्याला वहिनीनं मुकादमाला सांगितलं, की आठ दिवस थांब. तो म्हणाला, आठ म्हणजे आठच.

सहाव्या दिवशी मेल आली. मी ती उघडली नाही. आधी पाणी प्याले, टेबल आवरलं, मग उघडली. कंटेनर पोचला. आगाऊ कळवल्यामुळे अधिकाऱ्यांनी दार उघडून ती गाठ ताबडतोब बाजूला काढली, ती पेटी वेगळी तपासली, काही आढळलं नाही. माल सोडला आहे. तपासणीचा खर्च आपल्याकडून घेतला जाईल. आणि शेवटी एक ओळ, तिच्या मानानं बरीच लांब: "पोचण्याआधी सांगणारे फार थोडे असतात, म्हणून वर्षाच्या मागणीचे कागद याच मेलला जोडत आहे."

माझा जीव भांड्यात पडला, हे म्हणणं कमीच आहे. मी खुर्चीवरून उठले आणि चपला न घालताच पॅकिंगमध्ये पळत गेले. सोळा वर्षांत मी त्या कारखान्यात कधी पळाले नव्हते. मला नुसतं पाहूनच वहिनीनं हातातलं फडकं पेटीवर टाकलं. तिला वाटलं, गेलं सगळं. "सुटला!" मी ओरडले. "माल सुटला! वर्षाची ऑर्डर आली!" मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. अकरा बायका एकदम बोलत होत्या, कोणी रडत होती, कोणी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडत होती.  वहिनीनं फोन काढला, मुलीला लावला, आणि एकच वाक्य बोलली: "क्लासची फी भर गं, आपुन हितंच हाय."

खर्चाचं ऐकून साहेब कुरकुरले. जोरात कुरकुरले, म्हणजे सगळं ठीक होतं.

संध्याकाळी मेलला जोडलेले फोटो मी सावकाश पाहिले. पांढऱ्याशुभ्र टेबलावर आमची ओटी मांडली होती. तांदळाचा ढीग, खोबऱ्याची वाटी, पाच हळकुंडं, पाच सुपाऱ्या, प्रत्येकाशेजारी नंबराची चिठ्ठी. एखादा गुन्हा उकलल्यासारखं. आणि खाली त्या बाईचा प्रश्न होता: "हे कशासाठी असतं? इथं सगळे विचारताहेत."

तेवढं इंग्रजी मला येत नव्हतं. चलन, बिल, हमी, एवढ्यापुरतंच माझं इंग्रजी. तरी लिहिलं. लिहिलं, की आमच्याकडं मुलगी घर सोडून लांब निघाली की बायका तिच्या पदरात हे घालतात, म्हणजे ती रिकाम्या हातानं जाऊ नये आणि तिचं तिकडं चांगलं व्हावं. आमच्या पॅकिंगच्या बायकांना हा कंटेनर तसा वाटला. पाठवून दिल्यावर मग आठवलं, की मी 'त्यांच्याकडं' असं लिहायला निघाले होते, आणि 'आमच्याकडं' लिहून बसले.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. धान्य आणि बाकीचं जाळावं लागलं, त्याबद्दल वाईट वाटतं. कापडाला मात्र मनाई नाही. त्याला कीडनाशक औषधाची धुरी दिल्यावर तिनं ते मागून घेतलं आणि ते तिच्या टेबलावर आहे. फोटोही होता. कॉम्प्युटरशेजारी घडी घातलेला हिरवा खण, सुप्यातल्या दुकानातला. वहिनीला दाखवला तेव्हा तिनं फोन बराच वेळ हातात धरून ठेवला. "खन ठिवला म्हना की," ती म्हणाली. "माहेरचा खन ठिवून घेतला म्हंजी झालं."

दिवाळीनंतर दोन दिवसांनी दुसरा कंटेनर भरायला घेतला. चहाच्या वेळी नगरकडून ऊसतोडीचे ट्रॅक्टर आले, एकामागून एक, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले. वर माणसं, बोचकी, चुलीची पत्र्याची भांडी, शेळ्या. वहिनी चहाचा कप घेऊन गेटपाशी गेली. एका ट्रॉलीतून कोणीतरी तिला ओळखलं. "ये गं!" अशी हाक आली, "चल की!" तिनं हात हलवला. "पुढल्या साली बी न्हाई येत!" ती ओरडली, आणि ट्रॉलीतल्या बाया हसल्या. शेवटचा ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत ती तिथंच उभी होती. तिचे ओठ हलत होते. ती ट्रॉल्या मोजत होती, की बायका, ते मी विचारलं नाही. चहा गार झाला होता, तो तिनं तसाच पिऊन टाकला आणि आत आली.

माल भरून झाल्यावर साहेबांनी बाहेर नारळ फोडला. वहिनीच्या हातात ताट होतं, आणि माझे पाय सवयीनं टपरीकडं वळले. मग मी थांबले, परत फिरले, आणि चपला काढून कंटेनरमध्ये चढले. शेवटच्या पेटीपाशी उभी राहिले. ताट माझ्यापाशी आलं, तेव्हा वहिनी क्षणभर थांबली. मी नको म्हणून मान हलवली, तिनं बरं म्हणून हलवली, आणि ताट पुढं गेलं. या वेळी ते वळलं नाही. नुसतं पुढं गेलं.

तांदूळ कोणी आणले नव्हते. ताटात हळदीकुंकवाशेजारी फक्त खण होता, पुन्हा हिरवाच. तो मी दोन्ही बाजूंनी झटकला, उजेडात धरून पाहिला आणि तिच्या हातात परत दिला. तिनं घडी घालून जांभळ्या पट्टीखाली खोचला.

मालाची यादी माझ्या हातात होती. पंपाचे भाग, पेट्यांचे नंबर, वजनं, सगळं छापलेलं. शेवटच्या ओळीखाली मी पेनानं लिहिलं: सुती कापड, एक नग, विक्रीसाठी नाही. खाली सही केली.

"ताई, कागदावर लिवलं का?" वहिनीनं विचारलं.

"लिहिलं."

"मंग लावा दार."